दिवस कलताना सोडलेली राणी

मित्रांनो, लई भीती वाटून राहिली.

आज माझी कबुतरी राणी माझ्या मैत्रिणीला, पल्लवीला दाखवायला लातूरला नेली. तिथं आमचं भांडण झालं. रागात मी राणीला दिवस कलताना सोडून दिलं. नांदेडला घरी जाईलच, हा माज.

बसमधून कबुतरवाल्या चाचांना फोन केला.

"येड्या, सकाळी सोडतात. अंधारात कबुतर उडत न्हाई."

"बसंल ना कुठं, स्टँडवरच्या कबुतरांसारखं."

"त्यांना मांजर, घुबडापासून वाचणं कळतं. तुझीला फक्त तुझी ढाबळ, तिचं खुराडं कळतं."

आई फोनवर म्हणती, ढाबळ रिकामीच हाय.

लातूर-नांदेड रस्त्यावर कुणाला पायात लाल कडी असलेली पांढरी कबुतरी दिसली का? हाकलू नका, रात्रभर आसरा द्या, सकाळी सोडा.

पल्लवी, तूही गच्चीवर बघ ना.