बिबट्याचा हात धरून

आमचा फुलांचा मळा नाशिक शहरापासून अर्ध्या तासावर आहे. गुलाब, शेवंती, सणासुदीला झेंडू. फुलं उजाडायच्या आत तोडून बाजारात न्यावी लागतात, त्यामुळे लग्न होऊन आले त्या वर्षापासून माझी पहाट मळ्यातच गेली. दोन वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे मी पाटी घेऊन शेवंतीच्या सरीत वाकले होते. बांधापलीकडे शेजाऱ्यांचा ऊस. आवाज कसलाच आला नाही, पण कुणीतरी बघतंय असं वाटलं म्हणून मान वर केली, तर पाच-सहा हातांवर बिबट्या. दबा धरून नव्हता. आमचं मांजर ओट्यावर बसतं तसा निवांत बसला होता. आम्ही एकमेकांकडे किती वेळ पाहत राहिलो ते मला सांगता येणार नाही. मग तो उठला आणि उसात शिरला. मला साधा ओरखडाही आला नाही.

घरी येऊन मी चहा केला, सगळ्यांना दिला आणि मगच सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठले, चपला घातल्या, आणि उंबऱ्याबाहेर पाय पडेना. तिसऱ्या दिवशीही तेच. वनखात्याची माणसं पिंजरा लावून गेली, काही दिवसांनी बिबट्या सापडला, त्याला लांब सोडूनही आले.

"आता गेला ना तो?" यजमान म्हणाले.

तो गेला होता. पण माझा पाय काही बाहेर पडला नाही. तोडणीचं काम मोठ्या जाऊबाईंनी स्वतःवर घेतलं. एका शब्दानेही मला बोलल्या नाहीत, आणि मला तेच जास्त लागायचं. मी घरात बसून हार ओवू लागले.

संध्याकाळी मुलगी कॉलेजातून आली की टीव्हीवर फुटबॉल लावायची. एका मोठ्या शहरातल्या संघाचं तिला वेड. सुरुवातीला मला नुसती धावपळ दिसायची. मग हळूहळू खेळ कळायला लागला, खेळाडू पाठीवरून ओळखू यायला लागले, आणि एका सामन्यात गोल चुकला तेव्हा माझ्या हातातली सुई बोटात गेली. "आई, तू फॅन झालीस," मुलगी म्हणाली. झाले होते खरी. ती परीक्षेला गेली तरी मी एकटी सामना लावून बसायचे.

अडचण एकच होती. त्या संघाचा मॅस्कॉट बिबट्या होता. म्हणजे बिबट्याचा पोशाख घालून मैदानाभोवती नाचणारा माणूस; ढेरपोटा, गुबगुबीत कानांचा, अंगात संघाचा निळा टीशर्ट. लहान मुलं त्याच्या गळ्यात पडायची. तो पडद्यावर आला की मी हारात मान घालायचे.

गेल्या हिवाळ्यात तो संघ चाहत्यांना भेटायला नाशिकला येणार असं कळलं. मुलीने दोन पास काढले.

"लहान मुलांसाठी असेल ते," मी म्हटलं.

"चाहत्यांसाठी आहे. तू चाहती आहेस की नाही?"

"आहे. पण तो येणार असेल ना?"

"येणार. तू नको बघूस त्याच्याकडे."

गंगापूर रोडजवळच्या मैदानावर कार्यक्रम होता. पंजाबी ड्रेसवर संघाचा निळा टीशर्ट चढवून मी रांगेत उभी राहिले, तेव्हा पुढे-मागे सगळी शाळेतली पोरं. दोन खेळाडू आले होते. त्यातल्या बचावपटूला मी सांगितलं, "मागच्या सामन्यात तुम्ही उगाच पुढे गेलात." तो हसला आणि म्हणाला, "कोच भी यही बोले." मुलगी लाजेने दुसरीकडे बघायला लागली.

मग ढोल वाजले आणि बिबट्या आला. पोरांनी गलका करत त्याला वेढा घातला. मी मुलीची बॅग घेऊन लांब गोलपोस्टच्या मागे जाऊन उभी राहिले. तिथून सगळं दिसत होतं. कुणीतरी त्याच्या पाठीवर उडी मारली, त्याचं भलंमोठं डोकं एका बाजूला कललं. त्याच्यासोबतची बाई पोरांना आवरण्यात अडकली. तो गर्दीतून कसाबसा बाहेर निघाला आणि नेमका माझ्याच दिशेने चालत आला. पाच-सहा हातांवर येऊन थांबला.

 कापूस भरलेलं सोंग आहे हे कळत होतं, तरी मी गोलपोस्टचा खांब घट्ट धरला.

तो पुढचे पंजे हवेत चाचपत होता. मग आतून बारीक, धापा टाकणारा आवाज आला. कुणा पोरीचा.

"कुणी आहे का इथे?"

"मी आहे," मी म्हटलं.

"काकू, डोकं सरकलंय. मला काहीच दिसत नाहीये. इथे पोरांसमोर काढता येत नाही. तंबूपर्यंत नेता का?"

तिच्या पावलापुढेच जाळीची दोरी ताणलेली होती. अजून एक पाऊल टाकलं असतं तर ती तोंडावर पडली असती. मी पुढे झाले आणि पंजा धरला. वरून केसाळ, घामाने ओलसर. आत बोटं मात्र बारीक, माझ्या मुलीसारखी.

"दोरी आहे, पाय उचल. आता सरळ. हळू."

पोरं मागून ओरडत आली, तशी ती दुसरा पंजा हलवून त्यांना टाटा करायला लागली. पोरं डावीकडे आणि ती उजवीकडे हात हलवतेय, हे बघून मला हसू फुटलं. बिबट्याला हाताला धरून नेताना मी मोठ्याने हसत होते.

तंबूत तिने डोकं उतरवलं. विशीतली पोर, केस कपाळाला चिकटलेले. बाटलीभर पाणी एका दमात प्यायली. नांदगावची होती, शहरात नाच शिकता शिकता हे काम करत होती. का कोण जाणे, मी तिला सगळं सांगितलं; शेवंतीची सरी, उंबरा, जाऊबाई.

 ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मला हे डोकं चढवायची भीती वाटते, काकू. आत श्वास कोंडतो. पहिल्या दिवशी काढून पळून जावंसं वाटलं होतं."

"आणि आता?"

"आताही पोटात गोळा येतो. येऊ देते, आणि चढवते."

तिने डोकं पुन्हा चढवलं, मी मागून पट्टा आवळून दिला. माझी मुलगी मला शोधत तंबूपाशी आली होती. आमचा तिघींचा फोटो तिथल्याच कुणीतरी काढला. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत, पण हात बिबट्याच्या खांद्यावर आहे.

दुसऱ्याच दिवशी मी मळ्यात गेले असं मात्र नाही. आठ-दहा दिवस गेले. मग एका संध्याकाळी जाऊबाईंना म्हटलं, "उद्या मी पण येते."

"ये की," त्या म्हणाल्या, "लय कंटाळा येतो एकटीला."

पहाटे उंबऱ्यात पोटात गोळा आला. मी थांबले, तो जाईना, तशीच बाहेर पडले. जाऊबाई बॅटरी घेऊन अंगणात उभ्या होत्या. पहिल्या दिवशी मी चारच सऱ्या केल्या, त्याही बांधाकडे पाठ न करता.

वनखात्याच्या माणसांनी बजावलं होतं की अंधारात मळ्यात जाताना मोठ्याने बोलत राहा. पण रोज पहाटे दोघींनी बोलायचं तरी काय? म्हणून मी आदल्या दिवशीचा सामना सांगायला लागले. जाऊबाईंना पहिले काही दिवस ओ की ठो कळलं नाही. आता त्या पंचाला शिव्या देतात.

पुढच्या महिन्यात मी, जाऊबाई आणि मुलगी अशा आम्ही तिघी सामना बघायला संघाच्या गावी जाणार आहोत. परवा तोडणी चालू असताना जाऊबाईंनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की पलीकडच्या मळ्यातून शेजाऱ्यांनी घाबरून हाक दिली, "काय झालं वो?"

"काय नाय," जाऊबाई ओरडल्या, "सराव चाललाय!"