माठातले घोडेस्वार

"बंद कर! बंद कर ते! माणसाचं तोंड मिटलंय आणि तो अजून बोलतोच आहे!"

वडील खुर्चीतून उठून ओरडत होते, आणि टीव्हीवरचा काउबॉय खरोखरच ओठ मिटून धमकी देत होता. आधी ओठ हलायचे, मग सवडीने आवाज पोचायचा. जणू तो कळंबोलीला ट्रकांच्या रांगेत अडकून मागून येत होता.

दादाचा चेहरा पडला. त्या रविवारी दुपारी त्याचं सगळंच पणाला लागलं होतं. तळोज्याच्या केमिकल कारखान्यातली नोकरी सोडून त्याला पनवेलात स्पीकर बनवायचं दुकान टाकायचं होतं. तहसील कचेरीत अख्खी हयात घालवलेले वडील म्हणाले होते, "आधी ऐकव. मग बघू." म्हणून त्याने भाड्याने व्हीसीआर आणला, आईचे दोन माठ पळवून त्यांच्या तोंडांवर स्पीकर बसवले आणि एक जुना, इटलीत बनलेला वेस्टर्न सिनेमा लावला. आवाज ऐकावा तर त्या सिनेमांचाच, असं त्याचं ठाम मत.

"अण्णा, बिघाड नाही हा. यांचं शूटिंगच मुकं. हिरो इंग्रजीत बोलतो, व्हिलन इटालियनमध्ये, आणि हवालदार नुसता तोंड हलवतो. आवाज मागाहून खोलीत बसून भरतात. घोड्यांच्या टापासुद्धा."

"खोलीत घोडा चढवतात?"

"नारळाच्या करवंट्या वाजवतात."

"म्हणजे हे सगळं खोटं?"

"खोटं असूनही खऱ्याहून खरं, अण्णा. तुम्ही रेडिओवरचं नाटक ऐकता ना, तसे डोळे मिटून ऐका."

वडिलांनी डोळे मिटले ते शिक्षा भोगायला बसल्यासारखे. आणि मग त्या माठांनी काय कमाल केली म्हणून सांगू! खोगिराचं कातडं असं करकरलं की आमच्या चपला लाजल्या. बुटांच्या टाचांना लावलेल्या, घोड्याला टोचायच्या काट्यांची किणकिण आली आणि शेजारच्या मांजराने आमच्या घरात पाऊल टाकणं कायमचं सोडलं. बंदूक उडाली तेव्हा शिरढोणपर्यंत कावळे उठले. मी मोजायला गेलो नव्हतो, पण उठलेच असणार.

वाळवंटात तहानलेला हिरो एकदाचा हातपंपाशी आला. त्याने दांडा हाणला, पंप खाकरला, आणि पत्र्याच्या हौदात पाणी कोसळलं. माठातून आलेला पाण्याचा आवाज तो! असा भरदार, असा गार, की घशाला ओल आली.

"पाणी आलं!" वडील किंचाळले आणि बादली घेऊन जिन्याकडे धावले.

आमच्या इमारतीत खाली एकच नळ, आणि पाणी यायचं संध्याकाळी. दुपारी आलं म्हणजे घबाडच. वडिलांमागे आई, आईमागे वरचा मजला, त्यामागे समोरची चाळ. हंडे, कळश्या, एकाने तर मुलाला टबासकट उचललं. मिनिटभरात नळापासून रस्त्यापर्यंत रांग, आणि रांगेच्या तोंडाशी वडील, कोरडा नळ पिळत.

"कुठं हाय पानी, अण्णा?" तळमजल्यावरची म्हातारी कमरेवर हात ठेवून गरजली. "आमी काय रिकामे हंडे घेऊन नाचाचं?"

वर आमच्या खिडकीतून पंप मजेत ओसंडत होता. वडिलांनी वर पाहिलं. कान टवकारले. मग रिकामी बादली घेऊन जिना चढले, खुर्चीत बसले.

"तो पंप परत लाव."

दादाने टेप मागे नेली. त्यांनी तो प्रसंग पुनःपुन्हा ऐकला, एकदा डोळे मिटून, एकदा माठाला कान लावून. तिकडे हिरोचे ओठ आणि शब्द एकमेकांशी अबोला धरल्यासारखे वागत होते; वडिलांनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. कुणा परमुलखातल्या माणसाने खोलीत बसून ओतलेल्या पाण्याने आमची अख्खी गल्ली पळवली होती. ज्याला अशी किमया जमली त्याला मी आजही मनातल्या मनात नमस्कार करतो.

दादाने धीर गोळा केला. "मग अण्णा... नोकरीचं काय करू?"

वडिलांनी माठाला लावलेला कान काढला नाही.

"राजीनामा दोन प्रतींत दे. एकीवर त्यांचा शिक्का घे."