घरात कुणाला होता?

केमोसाठी आम्ही बाकावर बसलो होतो. शेजारच्या काकूंचा फॉर्म सिस्टर भरत होत्या.

"घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर होता?"

काकूंनी सासू, नणंदा, जावा आठवून पाहिल्या. "कुणालाच नाही."

"आणि माहेरी?"

"आई त्यातच गेली. मावशीसुद्धा. पण ते माहेरचं झालं ना!"

"काकू, जनुकातला दोष तिकडूनच आला असेल. तपासणीत सापडला, तर औषधही त्याप्रमाणे ठरवतात."

लग्नात आपण आडनाव बदलतो, कुलदैवतही बदलतो. शरीराला मात्र हे कुणी कळवतच नाही. ते माहेरचंच राहतं.

काकूंनी लगेच लेकीला फोन लावला. "सासरी काय म्हणायचं ते म्हणू देत. तू रक्त तपासायला ये. तुझं माहेर म्हणजे मीच ना?"