उक्कीला लागलेला गोल

हाउकिसाल्मी गावात पूर्वी कागद तयार व्हायचा. कागदाची गिरणी बंद पडली तेव्हापासून तिथे पोरं तयार होतात. पहिल्या प्रतीची पोरं समुद्रापलीकडे अमेरिकेत जातात, दुसऱ्या प्रतीची स्वीडन-स्वित्झर्लंडला. ज्यांच्यावर कुठे ना कुठे सुरकुती राहून गेली, ती गावातल्याच संघात खेळत राहतात, लग्न करतात आणि तळ्याकाठी सावकाश जाड होतात. यार्क्को पोलोनेन हा या शेवटच्या गठ्ठ्यातला.

छत्तिसाव्या वर्षीही तो फिनलंडच्या वरच्या लीगमध्ये आइस हॉकी खेळत होता, यात त्याच्या अंगच्या गुणांपेक्षा त्याच्या बुडाचा वाटा मोठा होता. हे तो स्वतःच सांगे. कोवळ्या वयात एका प्रशिक्षकाने समोरच्या गोलरक्षकाकडे बोट दाखवून "तिथे जाऊन उभा राहा" म्हटलं होतं, आणि तिथून हलायला पुढे कोणी सांगितलंच नाही. गोलरक्षकाच्या तोंडासमोर उभं राहायचं, त्याला चकती दिसू द्यायची नाही, मागून पाठीत काठ्या खायच्या आणि पुढून चकत्या. पहिल्याच हिवाळ्यात समोरचे दात गेले. गावच्या दंतवैद्य ताइमीबाईंनी नवे बसवले आणि म्हणाल्या, "अरे, चकती येताना दिसली की पाठ फिरवत जा. तिकडे दात नसतात." तेव्हापासून तो पाठ फिरवू लागला. वर्तमानपत्रात कोणी त्याला 'निर्भय' म्हटलं की त्याची बायको हेली ते कात्रण फ्रिजवर चिकटवायची आणि येता-जाता हसायची.

त्या हिवाळ्यात संघात आतोस आला. अठरा वर्षांचा, लांब मानेचा, बर्फावर असा सरकायचा की स्केटचा आवाज त्याच्या मागून यायचा. अमेरिकेतल्या एका क्लबने आदल्या उन्हाळ्यातच त्याच्यावर आपलं नाव घातलं होतं आणि पिकेपर्यंत त्याला गावातच ठेवलं होतं. संघाचा मॅनेजर केइयो अढीतल्या आंब्याकडे पाहावं तसा रोज त्याच्याकडे पाहायचा. फरक इतकाच, की अढीतल्या आंब्याला कोणी बीटाचा रस पाजत नाही. आतोसच्या बोटात झोप मोजणारी अंगठी होती. त्याचा नाश्ता तराजूवर तोलून ताटात यायचा. केइयोच्या खोलीतल्या भिंतीवर 'विकासमार्ग' नावाचा भलामोठा तक्ता होता. त्यातले सगळे बाण वर जात होते आणि कुठलाच यार्क्कोजवळून जात नव्हता. दर मंगळवारी हेलसिंकीहून एक मानसोपचारतज्ज्ञ येई.

"काय विचारतो रे तो?" यार्क्कोने एकदा कपडे बदलताना विचारलं. दोघांच्या जागा शेजारी होत्या.

"पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतोस, असं."

"मग?"

"म्हटलं, आरशात."

यार्क्को इतका हसला की हातातलं सॉसेज मोहरीसकट खाली पडलं. पोरगं बरं आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं. पोरं त्याला 'उक्की' म्हणायची, म्हणजे आजोबा. आतोसही म्हणायचा, पण तो म्हणाला की ते नात्यातलं वाटायचं.

आता हेल्मेटाची गोष्ट. संघात ज्याचे पॉइंट सगळ्यात जास्त, त्याच्या डोक्यावर सोनेरी हेल्मेट, असा तिथला रिवाज. गोल करणाऱ्याला एक पॉइंट, चकती त्याच्यापर्यंत पोचवणाऱ्यालाही एक. सोनेरी हेल्मेट आतोसचं, हे केइयोने उन्हाळ्यातच ठरवून टाकलं होतं. तिकिटांवर तसं चित्रही छापून झालं होतं. पण नाताळात पोरगं देशाच्या तरुण संघाबरोबर गेलं आणि त्याचे काही सामने हुकले. परत आल्यावर त्याने लांबून मारलेली चकती गोलमध्ये जायच्या आधी न चुकता यार्क्कोला लागू लागली. कधी पोटरीला, कधी पाठीला, बहुतेक वेळा बुडाला. शेवटी ज्याला लागली त्याचा गोल. जन्मभरात यार्क्कोने जेवढे गोल केले नव्हते तेवढे त्या जानेवारीत त्याच्या अंगावर आदळून झाले.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी असाच एक गोल झाला. चकती सणसणत आली, यार्क्कोने दातांची काळजी म्हणून पाठ फिरवली, उजव्या कुल्ल्यात वीज चमकली आणि मागे गोल झाल्याचा लाल दिवा लागला. तो वळून पाहतो तर सगळे आतोसला मिठ्या मारत होते. घोषणाही आतोसच्याच नावाची झाली. पण सामना संपता संपता ती दुरुस्त झाली: गोल पोलोनेनचा. त्याच सामन्यात आधी दुसऱ्या कोणाची तरी चकती अंगावर घेऊन यार्क्को पोलोनेन पॉइंटांत आतोसच्या एक पाऊल पुढे गेला होता; या दुरुस्तीने दोघांना एकेक पॉइंट मिळाला आणि तो पुढेच राहिला.

केइयोने त्याच रात्री त्याला सॉनामध्ये गाठलं. गावातली महत्त्वाची बोलणी तिथेच होतात, कारण अंगावर काही नसलेल्या माणसाला उठून जाता येत नाही.

"शनिवारी अमेरिकेची माणसं येतायत," केइयो तापलेल्या दगडांवर पाणी ओतत म्हणाला. "खास आतोसला बघायला. टीव्हीवर सामना आहे."

"हं."

"आणि सोनेरी हेल्मेट घालून कोण उतरणार? तू."

"असं दिसतंय खरं."

"यार्क्को, अरे त्यांनी काय विचार करायचा? आमच्या लाख मोलाच्या पोरापेक्षा जास्त गोल एक म्हातारा करतो, तेही पाठमोरा?" केइयोने घाम निपटला. "तो मघाचा गोल आतोसचा होता. तुला लागलाच नव्हता."

यार्क्को वरच्या बाकावर सरकला. सरकताना त्याची उजवी बाजू केइयोच्या नाकासमोरून गेली. तिथे जांभळा-काळा डाग होता, गोल, काठाला नीट, बशी ठेवून आखल्यासारखा. केइयोने तो पाहिला, आणि पाहिलाच नाही.

"तू फक्त ताइमीबाईंकडे जा आणि सांग, लागला नाही म्हणून. नोंद त्यांच्या हातात आहे, त्या गोल बदलतील. मग तुम्ही दोघं बरोबरीत. बरोबरीत ज्याचे सामने कमी त्याला हेल्मेट. संपलं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर काही नाही." केइयोने पुन्हा पाणी ओतलं. वाफ वर आली. "तुझा करार उन्हाळ्यात संपतोय ना? मी आणखी एका वर्षाचा विचार करत होतो. पोरांना शिकवायला घरचं माणूस लागतं. घरचं माणूस म्हणजे जे घराचा विचार करतं ते."

हे ऐकून यार्क्कोला गरम सॉनात गार वाटलं. करार संपला की काय, हे ठरलेलं होतं. हेलीच्या भावाचा तिहेरी काचेच्या खिडक्यांचा धंदा होता आणि त्याला विक्रीसाठी माणूस हवा होता. दारोदार जायचं, घंटा वाजवायची, अनोळखी माणसाशी हवापाण्यावर बोलायचं आणि मग खिडकीवर यायचं. गोलरक्षकाच्या काठ्या त्यापेक्षा परवडल्या. त्याला अजून एक वर्ष हवं होतं. एकच. फार उंच, फार सोनेरी काही नको होतं, नेहमीच्या जागी उभं राहायला मिळालं की झालं.

"सांगतो," तो म्हणाला.

ताइमीबाई दवाखाना बंद केल्यापासून संघाच्या सामन्यांची अधिकृत नोंद करायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्टेडियमच्या छोट्या खोलीत कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव घेऊन बसल्या होत्या. आतोस आधीच तिथे होता. केइयोने त्यालाही पाठवलं होतं, गोल मागायला. तो पावाचा तुकडा तोडून खात होता. नाश्त्याच्या तराजूने तो नक्कीच पाहिला नव्हता.

यार्क्को दारातच उभा राहिला. वाक्य त्याने रात्रभर घोकलं होतं. छोटं होतं.

"ताइमीबाई, तो कालचा गोल—"

"ये, बस."

"नको, उभाच बरा आहे. तो गोल आतोसचा आहे. मला चकती लागली नाही."

ताइमीबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि सामन्याचं चित्रीकरण पुन्हा सुरू केलं. पडद्यावर खेळाडूंची गर्दी, एक पाठ, मग जाळं. "यात धड दिसत नाही," त्या पुटपुटल्या. "पण काल मला वाटलं, चकतीची दिशा बदलली. लागली नाही म्हणतोस?"

"नाही."

"हं." त्यांनी पेन उचललं. लिहायला लागता लागता त्यांची नजर दारात एका पायावर भार टाकून उभ्या असलेल्या यार्क्कोकडे गेली, आणि दवाखान्यातल्या खुर्चीवर आडव्या पडलेल्या हजार तोंडांना विचारला होता तोच प्रश्न त्यांच्या तोंडून त्याच मऊ सुरात गेला.

"दुखतंय का?"

"हो," यार्क्को म्हणाला.

या प्रश्नाला तोंड वासून खोटं बोलता येत नाही, हे त्याचं शरीर केव्हाच शिकून बसलं होतं, आणि ते त्याला न विचारताच बोलून गेलं होतं. ताइमीबाईंनी पेन खाली ठेवलं. यार्क्को कानापर्यंत लाल झाला. डोळ्यांसमोर एक लांबलचक रस्ता आला आणि दोन्ही बाजूंना घंटा असलेली दारं.

आतोस मात्र खो खो हसत सुटला. "लागणारच! मी त्यालाच मारतो."

"काय?" दोघं एकदम म्हणाली.

"म्हणजे मुद्दाम हं, उक्की, राग मानू नको. गोलरक्षकाला तू दिसतोस, चकती दिसत नाही. आणि तू नेहमी उजवीकडूनच वळतोस. तिथे मारली की कुठे जाणार ते मला माहीत असतं." त्याने पावाचा उरलेला तुकडा तोंडात टाकला. "एवढा मोठा, न हलणारा नेम दुसरीकडे कुठे मिळणार?"

"गाढवा," यार्क्को म्हणाला, "मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू हलला असतास."

गोल यार्क्कोचाच राहिला. शनिवारी तो सोनेरी हेल्मेट घालून उतरला आणि प्रेक्षकांत क्षणभर कोणाला काय करावं ते सुचेना. तिकिटावर एक चेहरा होता, हेल्मेटाखाली दुसराच. मग वरच्या रांगेतून हेलीने शिट्टी मारली आणि टाळ्या सुरू झाल्या. हेल्मेट लांबून चमकतं, हे समोरच्या संघालाही माहीत होतं. सोनं दिसलं की आदळायचं, एवढंच त्यांच्या प्रशिक्षकाने त्यांना सांगितलेलं असावं. यार्क्कोला त्या संध्याकाळी गावाच्या वाट्याचे सगळे धक्के मिळाले. दोघे-दोघे त्याच्यावर पडत होते आणि आतोस मोकळ्या बर्फावरून, जणू घरात कोणी नाही अशा निवांतपणे, फिरत होता. त्याने दोन गोल केले. तिसरा यार्क्कोच्या पाठीवरून गेला.

अमेरिकेची माणसं एकसारखे कोट घालून बसली होती. त्यांच्यातल्या एकाने केइयोला विचारलं, "तो सोनेरी म्हातारा कोण?"

केइयोने पापणीही न हलवता सांगितलं, "आमच्या विकास कार्यक्रमाचा भाग आहे."

पुढच्या आठवड्यात अमेरिकेहून निरोप आला. पोरगा उत्तम आहे, पण घाई नको, आणखी एक वर्ष तिथेच राहू दे. त्याच्याभोवतीचं काहीही बदलू नका. तीच खोली, तोच नाश्ता, तोच रस, तोच म्हातारा.

केइयोने करार तयार केला आणि यार्क्कोला खोलीत बोलावलं. भिंतीवरच्या तक्त्यात आता एक नवा बाण होता. तो खालून निघून आडवा जाऊन यार्क्कोचं नाव लिहिलेल्या एका चौकोनापाशी थांबत होता.

यार्क्कोने करार वाचला. "'विकाससहाय्यक साधन', हे काय आहे?"

"अरे, तो नुसता हुद्दा. पैसे तेवढेच."

"खोड आणि 'खेळाडू' लिही."

"पण त्यांना तसं कळवलंय—"

"केइयो, सॉनात तुझ्या नाकासमोरून काय गेलं ते मी अमेरिकेला कळवू का? पत्ता आहे माझ्याकडे."

केइयोने खोडलं. वर 'खेळाडू' लिहिलं, जरा बारीक अक्षरात. यार्क्कोने सही केली आणि पेन परत दिलं. एक वर्ष मिळालं होतं. बाहेर बर्फावर कोणीतरी चकती मारत होतं, भिंतीवर आपटल्याचा आवाज आत येत होता.

"फक्त एक," केइयो मागून म्हणाला. "पुढच्या वर्षी ते हेल्मेट आतोसलाच मिळालं पाहिजे हं."

"मग त्याला सांग," दार ओढून घेता घेता यार्क्को म्हणाला, "माझ्यापेक्षा जास्त पॉइंट कर म्हणावं."