त्याच नावाचं जहाज

आधीच सांगून ठेवतो, मी ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. आमच्या मालवणात प्रत्येक वडाखाली एक भूत आणि ते बघितलेला एक शहाणा असतोच... अशा शहाण्यांना मी आजवर तोंडावर हसत आलोय. आता तुम्ही मला हसा.

माझा थोरला भाऊ नौदलात सिग्नलमन होता. त्याचं जहाज मालवणावरून गेलं की दांडी किनाऱ्यावरच्या आमच्या घराकडे दिव्याने खूण करायचा – आधी लांब झोत, मग आखूड. म्हणजे 'येतंय', येतो मी. वहिनी अंगणातून लाल चादर हलवायची. लग्नाला जेमतेम वर्ष होतंय तोच दादा वादळात जहाजावरून समुद्रात पडला. सापडलाच नाही. वहिनी म्हणाली, "येतंय म्हणान गेलेत, येतले." झालं! दादाचा म्हाळ – श्राद्ध हो – तिने कधी घालूच दिला नाही. पितृपक्ष आला की आमचं भांडण ठरलेलं.

ते जहाज म्हातारं होऊन भंगारात गेलं. पण नौदलवाले नाव मरू देत नाहीत, नव्या जहाजाला देतात. गेल्या हिवाळ्यात त्याच नावाचं नवंकोरं जहाज किल्ल्यापलीकडे येऊन उभं राहिलं. पेपरात नाव वाचलं मात्र, वहिनी चादर घेऊन किनाऱ्यावर! साठीची बाई... मी मागे धावलो. "वयनी, ह्यां जहाज वेगळां आसा!"

तेवढ्यात जहाजावर दिवा चमकला. मीही बघितला, देवाशप्पथ! आधी आखूड, मग लांब. मला वाटलं, पोरं गंमत करतायत.

वहिनी मटकन वाळूत बसली आणि रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

"काय झालां?"

"तेंनी माका दोन खुणा शिकवल्यानी. दुसरी 'जातंय'ची. मी रागावलंय, असलां अभद्र कधी करू नकात. कधीच केल्यानी नाय... आज केल्यानी."

संध्याकाळी जेटीवर त्या जहाजावरचा एक नौसैनिक भेटला. त्याला विचारलं. म्हणाला, "काका, सिग्नलचा दिवा कालच दुरुस्तीला उतरवलाय."

हे मी वहिनीला सांगितलं नाही. बिघाड कुठे ते मी इंजिन खोलून शोधतो. इथे काय खोलू? अजून काही उलगडलेलं नाही.

यंदा पितृपक्षाआधी वहिनी स्वतःच म्हणाली, "भावजी, औंदा तेंचो म्हाळ घालूया."

इतकी वर्षं मी हेच तर मागत होतो... त्या दिवशी माझ्याच तोंडून हो निघेना.