माझ्या यादीत नसलेली वस्ती

भीमेकाठच्या जुन्या घाटांवरच्या माझ्या शोधनिबंधाला पुरस्कार मिळाला, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यासाठी आज सकाळी निबंधातल्याच एका गावात, वडगाव रासाईत, सत्कार होता.

शाल-हार झाले, भाषण झालं. मी निबंधाची प्रत गावाला दिली. पुढं बसलेल्या एका आबांनी नातीकडून शेवटचं पान वाचून घेतलं. तिथं मला माहिती देणाऱ्यांची नावं होती. आबा म्हणाले,

"मॅडम, आमच्या बौद्धवस्तीतलं एक बी नाव न्हाई ह्यात. घाट दुरुस्त केला तवा दगूड माझ्या आज्यानं वाहिला. तुम्ही आमच्याकडं आलाच न्हाई."

खरं होतं. प्रत्येक गावात मी सरपंचांना फोन केला, देवळात बसून चार जणांना विचारलं, चहा घेतला आणि पुण्याला परतले. आणि वर्गात मात्र पोरांना सांगते, सगळ्यांना विचारा!

"आबा, आत्ता येऊ का?"

"आत्ता तुमच्या गळ्यात हार हाय. उद्या वही घिऊन या."

उद्या जाणार आहे. मग उरलेल्या प्रत्येक गावात. निबंध पुन्हा लिहीन.

तुमच्या गावावर कुणी लिहिलं असेल, तर शेवटचं पान काढा. त्यात कोणती आळी नाही?