ताळेबाब आणि ओळींचं गणित

उत्तर आलं की माणसं पेन खाली ठेवतात. ताळेबाबांचं खरं काम तिथून पुढे सुरू व्हायचं. आलेलं उत्तर घेऊन ते मूळ प्रश्नाकडे परत जात, तिथे ते बसवून बघत आणि सगळं जुळलं तरच पेनाला टोपण लावत. ही सवय कागदापुरती नव्हती. त्यांच्या साखळी गावाची बस सव्वापाचला आहे असं कुणी सांगितलं तर ते मान डोलवत आणि पाचला थांब्यावर जाऊन उभे राहत. कुणी दुखावलं गेलंय असं वाटलं तर म्हणत, "दुबाव न्हय रे, ताळो." दुबाव म्हणजे संशय, ताळो म्हणजे ताळा, पडताळणी. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण खाणीवरच्या लॅबमध्ये लहानथोर सगळे त्यांना ताळेबाबच म्हणत. त्यांनाही ते आवडत असावं, कारण मी पहिल्या दिवशी बिचकत तसं म्हटलं तेव्हा ते हसले होते.

मी उत्तर गोव्यातल्या पेडण्याची. म्हापशाच्या कॉलेजात विज्ञानाचं एक वर्ष कसंबसं केलं, तेवढ्यात आई अंथरुणाला खिळली. घर सांभाळण्यात दीड वर्ष गेलं. आई गेल्यावर डिचोलीच्या मावशीनं मला आपल्याकडे नेलं आणि तिच्या ओळखीनं तालुक्यातल्याच एका लोहखाणीच्या लॅबमध्ये मला काम मिळालं. काम सोपं पण चिकाटीचं. प्रत्येक ढिगातून आलेल्या खनिजाचे नमुने चिनी मातीच्या मुशीत तापवायचे, गार करायचे, तोलायचे, आणि त्यात लोह किती, सिलिका किती हे चिठ्ठीवर लिहायचं. त्या चिठ्ठ्या ताळेबाबांच्या टेबलावर जात.

ते काय करत, हे मला सुरुवातीला कळलं नाही. एका ढिगात लोह जास्त असे पण सिलिकाही जास्त, दुसऱ्यात दोन्ही कमी, तिसऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. बोटीवर जाणाऱ्या मालाचं प्रमाण मात्र आधीच ठरलेलं. मग कुठल्या ढिगातले किती ट्रक एकत्र केले म्हणजे ते प्रमाण साधेल, हे ताळेबाब काढत. तीन ढीग, तीन अटी. कॉलेजात मी अशी समीकरणं क्ष, य मांडून सोडवली होती. ताळेबाब अक्षर एकही लिहीत नसत. नुसते आकडे, ओळींत आणि उभ्या रांगांत. मग एका ओळीला कशानं तरी गुणून ती दुसरीतून वजा करत, म्हणजे तिथे शून्य येई. ह्याला ते 'ओळीन ओळ मारप' म्हणत. शून्यांची पायरी खालपर्यंत उतरली की शेवटच्या ओळीत एकच आकडा उरे, आणि तिथून ते वर चढत. ही रीत त्यांना कुणी शिकवली नव्हती. पोर्तुगीज अमदानीत ते मराठी चौथी आणि पोर्तुगीजची दोन इयत्ता शिकले. तिथल्या मास्तरांनी नवाचा ताळा करायला लावला, तेवढंच काय ते शालेय गणित. गोवा मुक्त झाल्यावर ती पोर्तुगीज कागदपत्रं कुणी विचारेना, म्हणून खाणीवर नमुन्यांच्या पिशव्या वाहायला लागले, आणि पिशव्यांवरचे आकडे वाचता वाचता स्वतःच ही वाट काढली.

मला लॅबमध्ये येऊन आठवडा झाला असेल. जेवणाच्या सुट्टीत ते माझ्यासमोर येऊन बसले आणि विचारलं, "बाय, तुका इंग्लीश वाचूंक येता?" मी हो म्हटलं. त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं. पुठ्ठा नाही, पहिली काही पानं नाहीत. सात वर्षांपूर्वी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रद्दीत ते त्यांना दिसलं होतं. आत कंसात बसवलेल्या आकड्यांच्या चौकटी होत्या, अगदी त्यांच्या कागदावर असत तशा. तेवढ्यावरून त्यांनी ते घेतलं आणि सात वर्षं नुसत्या चौकटी बघितल्या. इंग्रजी त्यांना नमुन्याच्या चिठ्ठीपलीकडे येत नव्हतं. ते पुस्तक होतं लिनियर अल्जिब्राचं.

खरं सांगायचं तर माझा जीव दडपला. माझं एका वर्षाचं कॉलेज त्या पुस्तकाला पुरणार नव्हतं. मी तसं सांगितलंही. त्यावर ते म्हणाले की त्यांना मास्तरीण नको आहे, वाचणारी हवी आहे. समजायचं काम दोघं मिळून करू.

तेव्हापासून रोज दुपारचा अर्धा तास ठरून गेला. भाकरीचं फडकं सोडायचं, एका हातानं खायचं, आणि मी एक एक वाक्य वाचून मराठीत सांगायचं. ते ऐकत, आपल्या कोकणीत उलट सांगत, आणि ते दोन्ही जुळलं तरच पुढे. मॅट्रिक्स हा शब्द पहिल्यांदा आला तेव्हा मला त्याला मराठी शब्द सापडेना. ते शब्द पुटपुटत राहिले, मग एकदम म्हणाले, "मात्रीज? ती तर व्हडली इगर्ज." पोर्तुगिजांत गावच्या मुख्य चर्चला तसं म्हणत, आणि मूळ अर्थ आईचं पोट, असं त्यांनी समजावलं. त्यातून पुढची सगळी जन्मतात म्हणून हे नाव असणार, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो किती बरोबर, मला अजून माहीत नाही. पण नंतर मला हा शब्द कधी परका वाटला नाही.

एका दुपारी आम्ही अशा पानावर आलो की मी वाचता वाचता थांबले. तिथे त्यांचीच रीत होती. तीच ओळीनं ओळ मारणं, तीच शून्यांची पायरी. फक्त वर एका परदेशी माणसाचं नाव होतं. मला वाईट वाटलं. ज्या गोष्टीवर माणसानं आयुष्य घालवलं ती दुसऱ्या कुणाची तरी निघावी, हे त्यांना सांगायचं कसं? शेवटी सांगितलं. ताळेबाबांनी पुस्तक स्वतःकडे ओढलं, आकड्यांवरून बोट फिरवत पूर्ण उदाहरण तपासलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. "बरें जालें," ते म्हणाले. "म्हणजे हांव वाट चुकूंक ना." म्हणजे ते वाट चुकले नव्हते.

पुढच्या प्रकरणात एक गोष्ट होती, जी त्यांना नवी होती. कधी कधी दोन ओळी वेगळ्या दिसतात पण एकच गोष्ट सांगत असतात. मग त्या दोन म्हणून मोजायच्या नाहीत. त्यांनी ते लगेच आपल्या भाषेत आणलं: "मनीस दोन, साक्ष एक." हे वाक्य पंधरा दिवसांत माझ्यावरच येणार होतं.

नियम असा होता की प्रत्येक ढिगाचे दोन नमुने वेगवेगळे तपासायचे. त्या दिवशी मला सकाळपासून ताप होता. एका ढिगाचा पहिला नमुना मी नीट केला आणि दुसरा केलाच नाही. पहिल्याचाच आकडा दुसऱ्या चिठ्ठीवर उतरवला. शेवटच्या दशांशापर्यंत तोच. ताळेबाबांनी त्यावरून प्रमाण काढून दिलं, ट्रक निघाले, धक्क्यावर बार्ज, म्हणजे नदीतून बोटीपर्यंत माल नेणारा पडाव, भरायला लागली. मग ते आपला नेहमीचा ताळा करायला बसले. थोड्या वेळानं दोन्ही चिठ्ठ्या हातात घेऊन माझ्याकडे आले. आवाज चढवला नाही. दारात इतर लोक होते, म्हणून हळूच विचारलं, "बाय, ह्यो दोन काय एक?"

मी खाली बघितलं आणि सांगितलं, एक.

चिठ्ठ्या खिशात घालून ते निघाले. बाहेर उभ्या असलेल्या जीपमध्ये बसून स्वतः धक्क्यावर गेले आणि भरणं थांबवून आले. आल्यावर मला एवढंच म्हणाले की दुसरा नमुना आता लाव, मी बसतो. मूस लालबुंद होऊन गार होईपर्यंत ते माझ्याजवळ स्टुलावर बसून होते. नमुन्यात सिलिका पहिल्यापेक्षा बरीच जास्त निघाली. म्हणजे पहिलाच नमुना ढिगाच्या चांगल्या बाजूचा होता. त्यांनी सगळ्या ओळी नव्यानं मांडल्या. पण तोवर नदीची भरती ओसरली होती आणि बार्ज धक्क्यालाच अडकली. संध्याकाळी मॅनेजर आले आणि सगळ्यांदेखत त्यांना वाटेल ते बोलले. वीस वर्षांच्या नोकरीत असं कुणी त्यांना बोललं नव्हतं. मी पुढे व्हायला गेले, तर त्यांनी हातानंच मला थोपवलं आणि म्हणाले, "ओळ म्हजी चुकली."

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहून नेला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. मग पुस्तक काढून म्हणाले की काल आपलं वाचन राहिलं, आज दोन पानं जास्त वाचू. त्या प्रसंगाचा उल्लेख त्यांनी पुन्हा कधीही केला नाही. मी मात्र त्या दिवसानंतर न तोललेला आकडा आयुष्यात कुठेही लिहिला नाही.

पदवी बाहेरून देता येते, गणित घेऊनही देता येते, ही बातमी त्यांनीच पणजीहून आणली. फॉर्म माझ्यापुढे ठेवला. तुम्हीही बसा म्हटलं तर हसले. त्यांना प्रश्न पुरेसे होते, प्रमाणपत्राची जागा भिंतीवर नव्हती, असं काहीसं म्हणाले. माझ्या अभ्यासाची आखणी मात्र त्यांनीच केली. मी अडले की ते उत्तर देत नसत, "खंयची ओळ तुका आडयता?" कुठली ओळ अडवते, एवढंच विचारत. अख्खं गणित न येणं आणि एक ओळ न येणं ह्यांत फार फरक असतो, हे मला तेव्हा कळलं.

ते दिवस गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी ह्या वादाचे होते. लॅबमध्येही दोन तट पडले होते. एकाच डब्यातलं लोणचं खाणारी माणसं वेगळ्या बाकांवर बसू लागली. दोन्ही बाजूंचे लोक ताळेबाबांकडे येऊन गेले. त्यांनी दोघांनाही चहा दिला. माझ्याशी एकदाच बोलले: घरी बोलतात ती कोकणी, देवापुढे वाचतात ती मराठी, आकडे मोजतात ते पोर्तुगीजमध्ये, आणि शिकतायत इंग्रजीतून, ह्यांतली कुठली ओळ मारायची? त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती, त्रास होता. एक दिवस आंदोलनात रस्ते अडवायला झाडं पाडली होती, बस नव्हत्या. माझी परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. मी डिचोलीहून चालत निघाले, तेही जाणं बरं की नाही ह्या विचारात. लॅबवर पोचले तर रखवालदाराशिवाय तिथे एकच माणूस होता. ताळेबाब साखळीहून चालत आले होते. चपलेचा अंगठा तुटलेला, तो सुंभानं बांधलेला. त्या दिवशी आम्ही सबंध प्रकरण संपवलं.

गोवा घटक राज्य झाला त्या वर्षी मी पास झाले आणि पेडण्याला एका शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली. निरोपाला त्यांनी लॅबमध्ये काही केलं नाही. बसपर्यंत सोडायला आले. वाटेत म्हणाले, "पोरांक घाई करूं नाका." बस हलली तसे मागे वळून चालू लागले.

पुढे ते निवृत्त झाले आणि त्यांची नजर अधू होत गेली. तेव्हापासून मी रविवारी पेडण्याहून निघून म्हापशाला बस बदलून साखळीला जाऊ लागले. पुस्तकाचा शेवटचा भाग उरला होता. मी आकडे वाचून दाखवी. ते डोळे मिटून बोटांच्या पेरांवर ओळी धरून ठेवत आणि माझ्या आधी उत्तर सांगत. त्यांच्या बायकोला मी काकी म्हणे. त्या चहा ठेवून आत जात. आमच्यात कधी बसल्या नाहीत.

मग माझं लग्न झालं, मुलगी झाली, दहावीचे पेपर तपासायला येऊ लागले. दर रविवारचं महिन्यातून एकदा झालं, मग तेही सुटलं. पाच महिने मी गेले नव्हते तेव्हा ते गेल्याची बातमी आली.

दिवसकार्य झाल्यावर भेटायला गेले. काकी शांत होत्या. तक्रारीचा सूरही नव्हता, सहज सांगावं तसं त्यांनी सांगितलं, "तूं येनासली ते आयतारांय तो सकाळीं दाडी करून बसतालो." तू येत नव्हतीस त्या रविवारीही. क्षमा मागायला आता कुणी नव्हतं.

मी उठायला लागले तेव्हा काकींनी पदराला हात पुसले आणि बाकड्यावर माझ्याशेजारी बसल्या, पहिल्यांदाच. "चाळीस वर्सां तो कागदाचेर किदें करतालो, तें म्हाका केन्नाच कळूंक ना," त्या म्हणाल्या. "तूं सांग."

काकी शाळेत कधी गेल्या नव्हत्या. पडवीत सोललेल्या नारळांचा ढीग होता. मी त्यातले काही उचलून दोन टोपल्यांत घातले, टोपल्या झाकल्या आणि त्यांना सांगितलं की दोन्ही मिळून बारा आहेत आणि ह्या टोपलीत त्या टोपलीपेक्षा दोन जास्त आहेत; न उघडता सांगा, कुठल्या टोपलीत किती? काकींनी झाकलेल्या टोपल्यांकडे बघितलं. घाई करू नका, असं मी म्हटलं. बाहेर म्हापशाच्या बसचा हॉर्न वाजला, पण मी ती जाऊ दिली. काकी विचार करत होत्या.